लात्ते आणि ले : तोरिनो ते नीस

सोमवार, तोरिनो

इटलीतल्या अनेक संग्रहालयांच्या दारावर सोमवारी ‘क्यूसो’ अशी पाटी लटकत असते. क्यूसो म्हणजे बंद. आल्प्स ओलांडून फ्रान्समध्ये गेले की त्याच जागी ‘फेर्मे’ अशी पाटी दिसते, आणि इकडे इटालियनमध्ये त्याच्याशी थेट नाते सांगणारा ‘फेर्माता’ हा शब्द बसच्या थांब्यावर लिहिलेला असतो. दोघांचेही मूळ लॅटिन ‘फिर्मारे’, म्हणजे पक्के करणे. फ्रेंचांनी दार पक्के लावून घेतले म्हणून ते बंद झाले, आणि इटालियनांची गाडी जागच्या जागी पक्की उभी राहिली म्हणून ती थांबली. फ्रेंचमध्ये क्यूसोचे भावंड नाही असेही नाही. भिंतीने बंदिस्त केलेल्या द्राक्षमळ्याला तिथे ‘क्लो’ म्हणतात, ते हेच.

रोजच्या व्यवहारातले असे जोडशब्द ऐकत तोरिनोहून नीसपर्यंत जायचे, एवढाच या प्रवासाचा हेतू होता. सोबत माझी थोरली बहीण होती. तिने आयुष्यभर फ्रेंच शिकवले आहे आणि मी इटालियन शिकलो आहे, त्यामुळे घरी वर्षानुवर्षे चाललेला वाद या वेळी प्रत्यक्ष त्या मुलखातच चालवायचा, असे आम्ही ठरवले. (फ्रेंच उच्चार देवनागरीत पूर्णपणे उतरत नाहीत. इथे लिहिले आहेत ते कानाला जवळचे वाटले तसे.)

सुरुवात तोरिनोपासून करण्याला कारण आहे. ज्या साव्होया घराण्याने पुढे इटलीचे एकीकरण केले, त्याची गादी आधी शांबेरीला, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये होती, आणि १५६३ मध्ये ती तोरिनोला आली. या दरबारात पुढची तीनशे वर्षे फ्रेंच सहज बोलली जात होती. इटलीच्या एकीकरणाचा शिल्पकार काव्हूर याला स्वतःला इटालियनपेक्षा फ्रेंचमध्ये लिहिणे अधिक सोयीचे वाटे. १८६१ मध्ये इटलीचे राज्य स्थापन झाले आणि तोरिनो त्याची पहिली राजधानी झाली, त्या वेळी नव्या देशात घरीदारी इटालियन बोलणारे लोक फार थोडे होते. तूल्यो दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने ते प्रमाण सुमारे अडीच टक्के धरले होते. बाकी सगळे आपापल्या प्रांताची बोली बोलत.

हॉटेलात खोलीची किल्ली हातात पडली आणि पहिली तुलना तिथेच झाली. इटालियन ‘क्यावे’, फ्रेंच ‘क्ले’, दोन्ही लॅटिन ‘क्लाविस’पासून आलेले. यात आपला तिसरा हिस्सा आहे, कारण त्याच शब्दाचे पोर्तुगीज रूप गोव्यामार्गे आपल्याकडे येऊन ‘चावी’ झाले. लॅटिनमधला ‘क्ल’ इटालियनने ‘क्य’ केला, तसाच ‘प्ल’चा ‘प्य’ आणि ‘फ्ल’चा ‘फ्य’ केला, आणि फ्रेंचने तिन्ही जोडाक्षरे होती तशी राखली. म्हणून भरलेला तो ‘प्येनो’ आणि ‘प्लॅं’, चौक तो ‘प्यात्सा’ आणि ‘प्लास’, फूल ते ‘फ्योरे’ आणि ‘फ्लर’, पाऊस तो ‘प्योज्जा’ आणि ‘प्लुई’. हे एकदा ध्यानात आले की एका भाषेतल्या शब्दावरून दुसरीतला शब्द पुष्कळदा अंदाजाने सांगता येतो. ताईने संध्याकाळभर मला असे शब्द विचारले आणि मी ते सांगत गेलो.

मंगळवार, पोर्ता पालात्सोचा बाजार

तोरिनोचा हा उघड्यावरचा बाजार युरोपातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक मानला जातो. पाव, चीज, लोणी, दूध या चार जिन्नसांसाठी आम्ही सकाळ राखून ठेवली होती, कारण दोन्ही भाषांचे सगळे वळण या चारांत सापडते.

पावाला इथे ‘पाने’ म्हणतात आणि फ्रान्समध्ये ‘पॅं’. लॅटिन ‘पानिस’चा शेवटचा स्वर इटालियनने जपला. फ्रेंचने तो सोडलाच, शिवाय त्याआधीचा ‘न’सुद्धा नाकात चढवून टाकला. आपला पाव याच कुळातला आहे, पोर्तुगीज शाखेचा. चीजवाल्याच्या फळीवर ‘फोर्माज्जो’ असे खडूने लिहिलेले होते. साच्यात, म्हणजे ‘फोर्मा’त, दाबून केलेले म्हणून ते नाव पडले. फ्रेंचमध्येही आधी ‘फोर्माज’च होते, पण बोलता बोलता ‘र’ पुढे सरकला आणि ‘फ्रोमाज’ झाले. आपल्याकडे ‘नुकसान’चे ‘नुसकान’ होते, त्याच जातीचा हा बदल, पण फ्रेंचमध्ये चुकीचे रूपच पुढे प्रमाण ठरले. डोंगराकडच्या साध्या चीजला मात्र पिएमोन्तेत, म्हणजे तोरिनोच्या प्रांतात, ‘तोमा’ आणि पलीकडे साव्हॉयमध्ये ‘तोम’ म्हणतात. गवळ्यांच्या या शब्दाने सरहद्द मानलेलीच नाही. लोण्याचा ‘बुर्रो’ हा शब्द तर इटालियनने जुन्या फ्रेंचकडून घेतला आहे, आज तिकडे त्याचे ‘बर’ झाले आहे. दक्षिणेकडचा स्वयंपाक ऑलिव्हच्या तेलात आणि उत्तरेकडचा लोण्यात होत असे, तेव्हा लोण्याचे नाव उत्तरेकडून यावे हे पटण्याजोगे आहे.

दुधापाशी मात्र मी बराच वेळ थांबलो. इटालियन ‘लात्ते’, फ्रेंच ‘ले’. मूळ लॅटिन शब्दात ‘क्त’ हे जोडाक्षर होते, ‘लाक्ते’. इटालियनने त्याचा सरळ ‘त्त’ केला, आणि फ्रेंचने ‘क’ला इतके मऊ केले की त्याचा ‘इ’ झाला आणि पुढे ‘त’ही उच्चारातून गेला. एकदा हा नियम कळला की रांगच लागते. रात्र ती ‘नोत्ते’ आणि ‘न्युई’, आठ ते ‘ओत्तो’ आणि ‘युईत’, पलंग तो ‘लेत्तो’ आणि ‘ली’, छप्पर ते ‘तेत्तो’ आणि ‘त्वा’, केलेले ते ‘फात्तो’ आणि ‘फे’.

मराठी माणसाला यात एक गोष्ट ऐकू यायलाच हवी. संस्कृत ‘भक्त’चे प्राकृतात ‘भत्त’ झाले आणि मराठीत ‘भात’. ‘सप्त’चे ‘सत्त’ झाले आणि मग ‘सात’. ‘अष्ट’चे ‘अट्ठ’ आणि मग ‘आठ’. ‘हस्त’चे ‘हत्थ’ आणि मग ‘हात’. महाराष्ट्री प्राकृताने संस्कृतच्या जोडाक्षरांना जे केले, तेच इटालियनने लॅटिनच्या जोडाक्षरांना केले आहे. दोन वेगळी व्यंजने एकमेकांत विरघळवून एकच व्यंजन दुप्पट केले. लॅटिन ‘सेप्तेम’चे इटालियनमध्ये ‘सेत्ते’ होते, आणि आपल्या ‘सत्त’शेजारी ते ठेवले की दोघे एकाच घरचे वाटतात. मराठीने पुढे आणखी एक पायरी चढली, दुप्पट व्यंजन एकेरी केले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला. इटालियन त्या पायरीवर गेली नाही. म्हणून इटालियन ऐकताना मला पुष्कळदा असे वाटते की आपण मराठीच्या आजीचे बोलणे ऐकत आहोत. शब्द वेगळे आहेत, पण जिभेची खोड तीच आहे. ‘नोत्ते’ आणि ‘न्युई’ यांचा लॅटिन पूर्वज तर आपल्या ‘नक्त’चाच सख्खा भाऊ आहे. दिवसभर उपास करून रात्री जेवायचे, त्या व्रताला आपण ‘नक्त’ म्हणतो, तो हा शब्द.

मी हे ताईला सांगत होतो तेव्हा चीजवाला वजन करायचे थांबून आमच्याकडे पाहत होता. आम्ही कोणती भाषा बोलतो, असे त्याने विचारले. मी ‘सात, आठ’ असे म्हणून दाखवले, त्याने ‘सेत्ते, ओत्तो’ असे म्हटले आणि शेजारच्या गाळ्यावरच्या बाईंना हाक मारून तेच त्यांनाही ऐकवले. बाईंनी पिएमोन्तेच्या बोलीत ‘सेत, ओत’ असे म्हणून दाखवले. शेवटचा स्वर टाकून देण्याची फ्रेंच सवय या बोलीत आधीच आलेली आहे. तोरिनोच्या लोकप्रिय पेयाचे ‘बिचेरीन’ हे नावही तसेच. प्रमाण इटालियनमध्ये ते ‘बिक्येरिनो’, म्हणजे छोटा पेला. कॉफी, चॉकलेट आणि दुधाची साय असे थर काचेच्या पेल्यात दिसावेत म्हणून ते न ढवळता देतात.

बुधवार, आओस्ता

बसने दिवसभराची फेरी केली. व्हाल दाओस्ता हा इटलीचा सर्वांत लहान प्रांत, आणि १९४८ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने इथे फ्रेंच आणि इटालियन या दोन्ही भाषांना सारखा दर्जा आहे. शाळांमध्ये दोन्ही शिकवल्या जातात आणि सरकारी पाट्या दोन्हींत असतात. रस्त्यात ऐकू येते ती मात्र बहुतेक इटालियनच, आणि खेड्यांमध्ये घरी बोलली जाते ती फ्रांको-प्रोव्हान्साल बोली या दोन्हींहून निराळी आहे. फ्रेंचचे हे स्थान जबरदस्तीने पुसण्याचाही प्रयत्न झाला. फॅसिस्ट राजवटीत १९३९ मध्ये गावांची फ्रेंच नावे बदलली, कुर्मायरचे ‘कोर्मायोरे’ केले आणि ला त्युईलचे तर चक्क ‘पोर्ता लित्तोरिया’. युद्धानंतर जुनी नावे परत आली. माणसाने आपल्या गावाला कोणत्या नावाने हाक मारायची हे वरून ठरवणे हा अन्यायच आहे, आणि तो इथे झाला हे स्पष्ट लिहायला हवे.

दुभाषिक पाट्यांपाशी उभे राहून वाचत जाणे हाच आमचा दिवसाचा कार्यक्रम होता. इस्पितळाच्या पाटीवर ‘ओस्पेदाले’ आणि ‘ओपिताल’ अशी दोन नावे असतात. फ्रेंच शब्दातल्या ‘ओ’वर छोटी टोपी असते, आणि ती टोपी म्हणजे गळून पडलेल्या ‘स’ची आठवण आहे. सण तो ‘फेस्ता’ आणि ‘फेत’, खिडकी ती ‘फिनेस्त्रा’ आणि ‘फनेत्र’, डोके ते ‘तेस्ता’ आणि ‘तेत’, जंगल ते ‘फोरेस्ता’ आणि ‘फोरे’, किल्ला तो ‘कास्तेल्लो’ आणि ‘शातो’. प्रत्येक फ्रेंच शब्दात टोपी आहे आणि प्रत्येक इटालियन शब्दात त्या जागी ‘स’ आहे. फ्रेंच अकादमीने १७४० च्या कोशात हे न उच्चारले जाणारे ‘स’ मोठ्या प्रमाणावर काढून त्यांच्या जागी स्वरचिन्हे बसवली. त्याआधीच इंग्रजीने हे शब्द उचललेले असल्यामुळे आपल्या ओळखीच्या हॉस्पिटल आणि फॉरेस्टमध्ये ‘स’ शाबूत राहिला.

इथे मला आपल्या शुद्धलेखनाची आठवण झाली. मराठीत १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ‘कांहीं’चे ‘काही’ झाले आणि ‘नांव’चे ‘नाव’. ताईचे म्हणणे असे की आपण हे योग्य केले, मुलांवरचे ओझे कमी झाले. माझे मत थोडे वेगळे आहे. लिहिण्याची सोय झाली हे खरेच, पण ‘नाव’ या शब्दाकडे पाहून त्यात कधीकाळी ‘नाम’मधला ‘म’ होता हे आता कोणाला दिसत नाही. फ्रेंच मूल मात्र टोपी पाहते तेव्हा त्याच्यासमोर शब्दाचा इतिहास लिहिलेलाच असतो. तिथेही १९९० मध्ये काही स्वरांवरची टोपी ऐच्छिक करण्यात आली, तरी लोकांनी ती सहजासहजी सोडलेली नाही.

रस्त्यांच्या नावांत ‘व्हिया’ आणि ‘र्यू’ अशी जोडी दिसते. यातला ‘र्यू’ लॅटिन ‘रुगा’पासून आला, ज्याचा अर्थ सुरकुती. इटालियनमध्ये आजही चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना ‘रुगे’च म्हणतात. आणि शहराचे ‘आओस्ता’ हे नाव ‘आउगुस्ता’चे, रोमन सम्राट ऑगस्टसच्या नावावरून पडलेले. इ.स.पू. २५ मध्ये रोमनांनी हे ठाणे वसवले. त्याच सम्राटाच्या महिन्याला इटालियनमध्ये ‘आगोस्तो’ म्हणतात, तर फ्रेंचमध्ये झिजता झिजता नुसता ‘उत’ राहिला आहे, आणि कित्येकजण तर त्यातला ‘त’ही उच्चारत नाहीत. एवढ्या मोठ्या सम्राटाचे नाव एका स्वरावर आले.

गुरुवार, तांदच्या रेल्वेने समुद्राकडे

कूनेओहून व्हेंतिमिल्याला जाणारी ही रेल्वे पिएमोन्तेतून निघते, फ्रान्समध्ये शिरते आणि पुन्हा इटलीत उतरते. आठ किलोमीटरचा तांद बोगदा १८९८ चा, आणि समुद्रापर्यंतचा पूर्ण मार्ग १९२८ मध्ये खुला झाला. दुसऱ्या महायुद्धात पूल उडवले गेले आणि मार्ग पुन्हा जोडला जायला १९७९ साल उजाडले. ऑक्टोबर २०२० च्या वादळी पुराने या खोऱ्याची फार हानी केली. दऱ्यांवरून उलटसुलट वळसे घेत गाडी उतरते तेव्हा हे सगळे बांधणाऱ्यांबद्दल आणि पुन्हा पुन्हा उभारणाऱ्यांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

बोगद्यात शिरताना गाडी इटलीत असते. बाहेर पडल्यावर पहिले मोठे गाव लागते ते तांद, इटालियनमध्ये ‘तेंदा’. १८६० मध्ये नीस आणि साव्हॉय फ्रान्सला दिले गेले तेव्हा हे वरचे खोरे पिएमोन्तेकडेच राहिले. राजा व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा याची शिकारीची राने इथे होती, असे त्याचे कारण सांगितले जाते. १९४७ च्या तहाने आणि त्याच वर्षीच्या सार्वमताने तांद आणि ला ब्रिग फ्रान्समध्ये गेले. खालचे सें-दाल्मास द तांदचे भलेमोठे स्थानक इटलीने सरहद्दीचे स्थानक म्हणून बांधले होते. छोट्याशा गावाशेजारी ती राजवाड्यासारखी इमारत आजही उभी आहे.

या एका गाडीत सगळे स्थानकशब्द बदलताना दिसतात. निघालो ती ‘स्तात्स्योने’, मध्ये फ्रान्समध्ये लागली ती ‘गार’. निघालो त्या फलाटाची पाटी ‘बिनारियो’, फ्रान्समधल्या फलाटाची ‘व्वा’. हा ‘व्वा’ म्हणजे लॅटिनचा ‘व्हिया’च, काल आओस्तात जो रस्ता होता तो इथे लोहमार्ग झाला. उशीर मात्र दोन्हीकडे एकच, ‘रितार्दो’ आणि ‘रतार’. बाहेर पडायच्या दाराला इकडे ‘उशीता’ आणि तिकडे ‘सोर्ती’.

डब्यात समोर एक आजी आणि तिचा नातू बसले होते. खिडकीबाहेर उतारावर शेळ्या दिसल्या तेव्हा आजी म्हणाली ‘काप्रे’ आणि नातू म्हणाला ‘शेव्र’. आमच्या डोळ्यांदेखत आणखी एक नियम त्या दोघांच्या तोंडून बाहेर आला. लॅटिनमध्ये ‘का’ होता तिथे इटालियनने तो तसाच ठेवला आणि फ्रेंचने त्याचा आधी ‘च’ आणि नंतर ‘श’ केला. कुत्रा ‘काने’ आणि ‘श्यॅं’, घोडा ‘कावाल्लो’ आणि ‘शवाल’, गाय ‘वाक्का’ आणि ‘वाश’, खोली ‘कामेरा’ आणि ‘शांब्र’, गाणे ‘कान्त्सोने’ आणि ‘शांसों’. गरम ते ‘काल्दो’ आणि ‘शो’. या शेवटच्या शब्दात ‘का’चा ‘श’ तर झालाच, शिवाय ‘अल’चा ‘ओ’ झाला आणि अंत्य स्वर व व्यंजनही गेले. फ्रेंचच्या या मधल्या ‘च’चा पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. इंग्रजीने फ्रेंचकडून जुन्या काळी घेतलेला शब्द आपण ‘चीफ’ म्हणतो आणि अलीकडे घेतलेला ‘शेफ’ म्हणतो. दोन्ही मुळात एकच शब्द, लॅटिन ‘कापुत’, म्हणजे डोके. इटालियनमध्ये तो ‘कापो’ आहे.

गाडी ब्रेई-स्युर-रोयाच्या खाली पुन्हा इटलीत आली. नदी तीच, पण फ्रान्समध्ये तिचे नाव ‘य’च्या अक्षराने लिहितात आणि इटलीत ‘इ’च्या. आजीने पिशवीतून संत्री काढली आणि आम्हा दोघांनाही एकेक दिले. ताईने फ्रेंचमध्ये आभार मानले आणि मी इटालियनमध्ये. आजीने दोघांनाही उत्तर त्यांच्या त्यांच्या भाषेत दिले.

संध्याकाळी समुद्रकाठी ‘आज’ या शब्दाचा विषय निघाला. लॅटिन ‘होदिए’, म्हणजे या दिवशी, याचे इटालियनमध्ये ‘ओज्जी’ झाले. आपल्या ‘अद्य’चे ‘अज्ज’ आणि मग ‘आज’ झाले, त्याची ही हुबेहूब जोडी. फ्रेंचमध्ये त्याच लॅटिन शब्दाचे इतके आखडले की नुसते ‘युई’ उरले, आणि ते कानाला अपुरे वाटू लागले म्हणून लोकांनी पुढे ‘दिवशी’ जोडून ‘ओजुर्दुई’ केले. अक्षरशः पाहिले तर ‘आजच्या दिवसाच्या दिवशी’. फ्रेंच ही जितकी झिजवणारी भाषा आहे, तितकीच झिजलेल्याला नवा आधार देणारीही आहे. तिच्याबद्दल केवळ ‘अक्षरे लिहायची आणि उच्चारायची नाहीत’ एवढेच बोलणारे ही दुसरी बाजू पाहत नाहीत.

शुक्रवार, व्हेंतिमिल्या

या गावाचे नाव ऐकून वीस मैल असा अर्थ कोणालाही वाटेल, कारण इटालियनमध्ये ‘व्हेंती मील्या’ म्हणजे तेच. प्रत्यक्षात ते ‘आल्बिंतिमिलियुम’ या प्राचीन नावाचे झिजलेले रूप आहे, इथे राहणाऱ्या इंतेमेली या लिगुरियन जमातीवरून पडलेले. फ्रेंच याला ‘व्हॅंतिमीय’ म्हणतात.

शुक्रवारच्या आठवडी बाजाराला फ्रान्समधून लोक गाड्या भरून येतात, आणि विक्रेते एकाच दमात दोन्ही भाषांत भाव सांगतात. सत्तरपर्यंत पोहोचले की दोन्ही भाषांची गणिते वेगळी होतात. इटालियन सरळ दहादहाने मोजते, ‘सेत्तांता, ओत्तांता, नोव्हांता’. फ्रेंच सत्तरला साठ-दहा म्हणते, ऐंशीला चार-विसा, नव्वदला चार-विसा-दहा. वीस नगांच्या गठ्ठ्याला कोडी म्हणणाऱ्या आपल्या जुन्या व्यापाऱ्यांना हे मोजणे परके वाटले नसते. स्वित्झर्लंडमधले फ्रेंच भाषक मात्र सत्तर आणि नव्वदला ‘सेप्तांत’ आणि ‘नोनांत’ म्हणतात, आणि तेच सोपे आहे असे ताईसुद्धा कबूल करते.

भाजीच्या गाळ्यावर दोन्ही भाषांचे स्वभाव दिसतात. टोमॅटोला इटालियनने ‘पोमोदोरो’, सोन्याचे फळ, असे नाव दिले, तर फ्रेंचने अमेरिकेतून आलेला शब्दच ‘तोमात’ म्हणून ठेवला. बटाट्याच्या वेळी उलटे झाले. इटालियनने ‘पाताता’ हा आलेला शब्द ठेवला आणि फ्रेंचने ‘पोम द तेर’, म्हणजे जमिनीतले सफरचंद, असा नवा शब्द घडवला. आपण बटाटा पोर्तुगिजांकडून घेतला, तेव्हा या बाबतीत आपण इटालियनच्या बाजूचे. अंडे ‘वोव्हो’ आणि ‘अफ’. फ्रेंचमध्ये अनेक अंडी मागायची तर लिहिताना एक अक्षर वाढते आणि बोलताना मात्र नुसता ‘अ’ उरतो. पाण्याचेही तसेच, ‘आक्वा’चे फ्रेंचमध्ये ‘ओ’ झाले. लिहायला तीन अक्षरे, तिन्ही स्वर, आणि लॅटिन शब्दातले एकही व्यंजन त्यात शिल्लक नाही.

मसाल्यांच्या आणि फळांच्या गाळ्यांवर तर आपलेच सामान मांडलेले होते. साखर ‘झुक्केरो’ आणि ‘स्युक्र’, अरबांच्या ‘सुक्कर’मार्गे मूळ ‘शर्करा’. संत्रे ‘आरांचा’ आणि ‘ओरांज’, फारसी-अरबीमार्गे मूळ ‘नारंग’, दोन्हीकडे आरंभीचा ‘न’ गळालेला. मिरी ‘पेपे’ आणि ‘प्वाव्र’, मूळ ‘पिप्पली’. आले ‘झेंझेरो’ आणि ‘जॅंजांब्र’, मूळ ‘शृंगवेर’. हा शेवटचा शब्द आपल्या स्वयंपाकघरातून केव्हाच गेला, तो आता आयुर्वेदाच्या ग्रंथांतच सापडतो, पण लिगुरियाच्या, म्हणजे या किनाऱ्याच्या, बाजारात तो अजून रोज उच्चारला जातो. लिंबाच्या बाबतीत मात्र दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. इटालियनमध्ये ‘लिमोने’, आपल्या लिंबाच्याच कुळातला, आणि फ्रेंचमध्ये ‘सित्रों’. याच शब्दाचा इटालियन नातेवाईक ‘चेद्रो’ म्हणजे आपले महाळुंग.

दिसायला सारखे आणि अर्थाने दूर, असे शब्द प्रवाशाला इथे सावध ठेवतात. ‘तास’ असे ऐकून फ्रेंच माणसासमोर कप येतो, ‘तास्से’ ऐकून इटालियन माणसाला कर आठवतात. ‘सालीरे’ म्हणजे इटालियनमध्ये चढणे आणि ‘सालीर’ म्हणजे फ्रेंचमध्ये मळवणे. ‘कांतीना’ इटालियन घराचे तळघर, तर ‘कांतीन’ फ्रेंच शाळेची खानावळ. ‘कोन्फेत्ती’ इटलीत लग्नात वाटलेले साखरेचे बदाम, फ्रान्समध्ये उधळायचे कागदाचे तुकडे.

शनिवार, नीस

व्हेंतिमिल्याहून नीसची गाडी मांतोंवरून, समुद्राला खेटून जाते. १३८८ पासून साव्होया घराण्याकडे असलेले आणि १८६० मध्ये फ्रान्सला गेलेले नीस हे इटालियनमध्ये ‘नीत्सा’. इटलीच्या एकीकरणासाठी लढलेला गारिबाल्दी इथलाच, १८०७ चा जन्म, आणि आपले गाव परक्या देशाला दिले याचा राग त्याने कधी सोडला नाही. जुन्या वस्तीत रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंचखाली नीसार्त ही स्थानिक बोली लिहिलेली दिसते.

कूर सालेयाच्या बाजारात हरभऱ्याच्या पिठाचे ‘सोका’ भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजून, तुकडे खरवडून देतात. वर मिरपूड घालून ते गरम गरम खायचे. चवीला ते आपल्या बेसनाच्या धिरड्याचेच, फक्त कडा अधिक कुरकुरीत. हाच पदार्थ लिगुरियात ‘फारिनाता’, म्हणजे पिठाचा. नाव बदलले, परात बदललेली नाही. सोकावाल्या बाईंनी ताईला ‘व्हू’ म्हणून विचारले. फ्रेंच ‘व्हू’ आपल्या ‘तुम्ही’सारखे अनेकवचनातून आदर दाखवते, तर इटालियन ‘लेई’ म्हणजे मुळात ‘ती’. समोरच्या पुरुषालाही आदराने ‘ती’ म्हणायचे ही इटालियनची रीत. फॅसिस्ट राजवटीने १९३८ मध्ये तीही बंद पाडायचा प्रयत्न केला आणि लोकांनी तो पुढे टिकू दिला नाही.

दुकानांच्या पाट्यांवर जागोजागी ‘शे’ अमुक, ‘शे’ तमुक असे लिहिलेले असते, म्हणजे अमक्याकडे. हा इवलासा शब्द म्हणजे लॅटिनचा ‘कासा’, घर. इटालियनमध्ये तो ‘काझा’ म्हणून आजही घरच आहे. फ्रेंचने घरासाठी ‘मेझों’ हा मुक्कामाचा शब्द घेतला आणि जुन्या घराचे शब्दयोगी अव्यय करून टाकले. आपण ‘माझ्याकडे या’ म्हणतो तेव्हा त्या ‘कडे’त घर असतेच.

संध्याकाळी परतीची तिकिटे काढायला स्थानकावर गेलो. यंत्रावर ‘आले सँप्ल’ आणि ‘आले-रतूर’ असे दोन पर्याय होते. व्हेंतिमिल्यात याच ठिकाणी ‘आंदाता’ आणि ‘आंदाता ए रितोर्नो’ लिहिलेले होते. जाणे या साध्या क्रियेसाठी दोन्ही भाषांनी वेगवेगळे धातू घेतले, ‘आंदारे’ आणि ‘आले’, आणि तरी ‘तो जातो’ म्हणायची वेळ आली की दोघींच्याही तोंडून एकच ‘व्हा’ बाहेर पडतो, लॅटिन ‘वादेरे’चा. ‘मी जाईन’ म्हणायला फ्रेंचने तिसराच धातू, ‘ईरे’चा, राखून ठेवला आहे. आपणही ‘जातो’ म्हणतो आणि ‘गेलो’ म्हणतो, ‘या’ धातूचा एक आणि ‘गम्’चा दुसरा, आणि बोलताना त्याची जाणीवसुद्धा होत नाही. ताईने यंत्रावर एकेरी तिकीट निवडले, कारण तिला अजून मार्सेयचा बाजार पाहायचा होता. मी तोरिनोचे काढले.